थीम बनवायची, मग हे एनपीएम कशाला?

परवा वेबसाइटचं काम शिकायला येणाऱ्या एका मुलीनं गिटहबवरून, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवरून, कुणाचीतरी वर्डप्रेस थीम उतरवून घेतली. झिप होती तशीच आपल्या सरावाच्या साइटवर चढवली. साइट उघडली तर सगळं उघडंबोडकं: ना रंग, ना मेनू, नुसत्या निळ्या लिंका एकाखाली एक. मग तिनं ती झिप फोडली, फोल्डर उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवून विचारलं, "दादा, यात थीम कुठंय?"

आत पॅकेज.जेसन होती, पॅकेज-लॉक.जेसन होती, बिंदूनं सुरू होणाऱ्या नावांच्या सहा-सात फाइली होत्या, एसआरसी नावाचं फोल्डर होतं. (ही नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची.) तिनं थीम शिकली होती ती दोन फाइलींची. हा पसारा बघून ती गांगरली, आणि तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या ढिगात थीम थोडी होती, थीम बनवणाऱ्याचं सामान जास्त.

सुताराच्या दुकानात शिरलं की आधी पायाला लागतो भुसा. मग रंधा, पटाशी, करवत, फेव्हिकॉलचा डबा. तयार खुर्ची एखादीच, कोपऱ्यात. गिऱ्हाईक घरी नेतं ती खुर्ची. रंधा कुणी नेत नाही. थीमच्या फोल्डरात हे सगळं एकाच जागी असतं आणि कुठलं काय ते कुणी सांगत नाही, एवढीच अडचण आहे. दुकानात काय राहतं आणि गिऱ्हाईकाकडे, म्हणजे सर्व्हरवर, काय जातं ते एकदा कळलं की या अवजारांची निम्मी भीती जाते.

तेव्हा आधी खुर्चीच बघू.

वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर २००३ साली आलं. मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी२ नावाच्या जुन्या ब्लॉग सॉफ्टवेअरचा कोड घेऊन ते उभं केलं. थीम ही स्वतंत्र वस्तू म्हणून आली ती २००५ च्या १.५ या आवृत्तीत. कल्पना फार सुटसुटीत होती: मजकूर डेटाबेसात राहील, तो दिसेल कसा ते थीम ठरवेल. थीम बदलली तरी लेख तेच. जुन्या पद्धतीच्या थीमला किमान दोन फाइली लागतात, इंडेक्स.पीएचपी आणि स्टाइल.सीएसएस. सर्व्हर पीएचपी वाचतो, त्यातून एचटीएमएल तयार करतो आणि ब्राउझरकडे पाठवतो. ब्राउझरला कळतं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट.

इथं जरा थांबा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. साध्या होस्टिंगवरचा सर्व्हर पीएचपी जाणतो, ब्राउझर वरच्या तीन भाषा जाणतो. सीएसएस सोप्या रीतीनं लिहायची सास, फाइली एकत्र बांधणारं वेबपॅक, अवजारं आणणारं एनपीएम, पानाचे भाग जावास्क्रिप्टनं बांधणाऱ्या रिअ‍ॅक्टमधली ती एचटीएमएलसारखी दिसणारी जेएसएक्स, यातलं काही या दोघांना माहीत नाही. म्हणजे तुम्ही कितीही नवी अवजारं वापरा, शेवटी हातात यायला हव्यात याच चार प्रकारच्या फाइली. आता त्यात जेसनची भर पडली आहे, तिच्याकडे येतोच.

मग नोड कुणाला लागतो?

पीएचपीच्या थीमला जावास्क्रिप्टचा नोड कशाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. ज्याला विचारावं तो "आता सगळे तसंच करतात" म्हणायचा. खरं उत्तर एका ओळीचं आहे: थीमला नोड लागत नाही, अवजारांना लागतो.

जावास्क्रिप्ट आधी मुख्यतः ब्राउझरमध्येच राहायची. २००९ मध्ये रायन डाल यानं क्रोम ब्राउझरमधलं जावास्क्रिप्टचं इंजिन उचललं आणि ते ब्राउझरशिवाय, सरळ कॉम्प्युटरवर चालेल असं केलं. तो नोड. वेबसाइटवाल्यांना जावास्क्रिप्ट आधीच येत होती, तेव्हा त्यांनी आपली अवजारंही तिच्यातच लिहायला घेतली. दुसऱ्याच वर्षी एनपीएम आलं. एनपीएम म्हणजे या अवजारांचं भांडार, आणि त्या भांडारातून माल आणणारा गडीसुद्धा.

पॅकेज.जेसन ही या गड्याच्या हातात द्यायची यादी. तीत पॅकेजचं, म्हणजे बांधून ठेवलेल्या एकेका अवजाराचं, नाव असतं आणि आवृत्ती असते, पण आवृत्ती बहुधा सैल लिहिलेली असते, आकड्याच्या आधी टोपीसारखी खूण दिसली की समजायचं, "पाचवी आवृत्ती, तीतली पुढची कुठलीही चालेल, सहावी मात्र नको." प्रत्यक्षात नेमकी कुठली आली ते पॅकेज-लॉक.जेसन टिपून ठेवते. म्हणून या दोन्ही फाइली जपायच्या. महिन्यानं दुसऱ्या लॅपटॉपवर तेच काम उघडलं तर एनपीएम सीआय ही कमांड लॉक फाइलमधल्या नेमक्या आवृत्त्या आणते. साधं एनपीएम इन्स्टॉल यादीतल्या मोकळीकीचा फायदा घेऊन काहीतरी वेगळं आणू शकतं, विशेषतः लॉक फाइल हरवली असेल तर.

पहिल्यांदा एनपीएम इन्स्टॉल देताना मात्र छाती धडधडते. टर्मिनलवर "डेप्रिकेटेड" (आता हे वापरू नका) अशा ओळींची रांग लागते आणि शेवटी लाल अक्षरात "इतक्या व्हल्नरेबिलिटीज", म्हणजे सुरक्षेतल्या इतक्या फटी, असा निकाल येतो. आपण वर्डप्रेससाठी एकच पॅकेज मागवलेलं असतं. त्याला लागणारी, त्यांना लागणारी, असं करत करत हजाराच्या आसपास पॅकेजं येऊन बसतात. ती सगळी नोड मॉड्यूल्स या फोल्डरात जातात. त्या धोक्याच्या इशाऱ्यांतले बहुतेक तुमच्या दुकानातल्या अवजारांबद्दलचे असतात, आणि ती अवजारं सर्व्हरवर जाणारच नसतात. इशारे वाचावेत, पण खाली सुचवलेली "ऑडिट फिक्स फोर्स" ही कमांड डोळे मिटून देऊ नये. ती पॅकेजांच्या मोठ्या आवृत्त्या परस्पर बदलते आणि सकाळपर्यंत चालणारं बिल्ड (कच्च्या फाइलींपासून तयार फाइली बनवायचं काम) दुपारी मोडून बसतं.

या एकमेकांवर टेकलेल्या पॅकेजांचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एका नावावरच्या वादातून एनपीएमवरून काढून टाकलं. शब्दाच्या डावीकडे जागा भरायची, एवढंच त्याचं काम. पण ते नवी जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना कळेल अशी करून देणाऱ्या बेबेलसारख्या मोठ्या अवजाराच्या पोटात कुठंतरी खोल वापरलेलं होतं, आणि जगभर लोकांची बिल्डं धडाधड पडायला लागली. काही तासांतच एनपीएमनं ते परत आणलं आणि नंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. मला या किस्स्यात आवडतो तो वेगळाच भाग: तयार होऊन सर्व्हरवर गेलेल्या साइटी त्या दिवशी आरामात चालू होत्या. अडलं ते दुकानातलं काम.

दुकान आणि खुर्ची यांची गल्लत केली की काय होतं तेही सांगतो, कारण ती मी केली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाची थीम एफटीपीनं चढवताना मी अख्खं फोल्डर ओढून टाकलं, नोड मॉड्यूल्ससकट. हजारो बारीक फाइली. रात्री दहाला लावलेलं अपलोड सकाळीही चालूच. मला वाटलं, नेट हळू असेल. दुपारी गिऱ्हाईकाचा फोन आला की मेल येणं बंद झालंय. स्वस्तातल्या होस्टिंगला जागेच्या मर्यादेशिवाय फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, ती मी एका रात्रीत संपवली होती. मेलसुद्धा त्याच खात्यात फाइलीच्या रूपानं येऊन पडते. तिला बसायला जागाच उरली नव्हती.

कच्चं आणि पक्कं

आता त्या मुलीच्या उघड्याबोडक्या साइटकडे. नव्या पद्धतीच्या थीममध्ये बहुधा दोन फोल्डर असतात. एसआरसीमध्ये माणसानं लिहिलेला कच्चा माल, बिल्डमध्ये अवजारांनी तयार केलेला पक्का. वर्डप्रेसनं यासाठी डब्ल्यूपी-स्क्रिप्ट्स नावाचं पॅकेज दिलं आहे. त्याच्या दोन कमांड कळल्या तरी वर्षभर पुरतात. स्टार्ट दिली की ते एसआरसीवर नजर ठेवून बसतं आणि तुम्ही फाइल सेव्ह केली रे केली की बिल्ड ताजं करतं. बिल्ड दिली की सगळं आवळून, मोकळ्या जागा काढून, सर्व्हरसाठी तयार करतं. आत वेबपॅक आणि बेबेल काम करत असतात. पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याला न गेलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. वेबपॅकची कॉन्फिग फाइल समजून घेण्यात गेलेले आठवडे मला कुणी परत केलेले नाहीत.

बिल्ड पुन्हा केव्हाही करता येतं, म्हणून ते गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या अवजारात, ठेवत नाहीत. .गिटइग्नोर या फाइलीत नोड मॉड्यूल्स आणि बिल्ड ही दोन नावं लिहून ठेवतात, की गिट त्यांच्याकडे बघत नाही. म्हणजे गिटहबवरून उतरवलेल्या झिपमध्ये कच्चा माल होता, पक्का नव्हता. सर्व्हरनं ती थीम प्रामाणिकपणे चालवली, पण बिल्डमधली सीएसएसची फाइल जागेवर नव्हती. वर्डप्रेस.ऑर्गच्या थीम विभागातून घेतलेली झिप लगेच चालते, कारण तिथं खुर्ची ठेवलेली असते.

त्या दिवसापासून मी शिकणाऱ्यांना एक सवय लावतो. अनोळखी थीम उघडली की आधी दोनच जागा बघायच्या: .गिटइग्नोर, आणि पॅकेज.जेसनमधला स्क्रिप्ट्सचा भाग. पहिल्या फाइलीतून कळतं, काय काय पुन्हा बनवता येतं. दुसरीतून कळतं, ते बनवायची कमांड कुठली. कोडची एक ओळही न वाचता थीमचा कारभार समजतो.

बिल्ड फोल्डरात आणखी एक छोटी फाइल तयार होते, इंडेक्स.अ‍ॅसेट.पीएचपी. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण ती फार उपयोगाची आहे. त्या स्क्रिप्टला वर्डप्रेसमधल्या कुठल्या गोष्टी लागतात त्याची यादी आणि आवृत्ती म्हणून एक अगम्य अक्षरांची माळ, एवढंच तीत असतं. मजकूर बदलला की माळ बदलते. फंक्शन्स.पीएचपीमधून स्क्रिप्ट जोडताना ही माळ आवृत्ती म्हणून दिली की पत्त्याच्या शेवटी ती चिकटते आणि ब्राउझरला वाटतं, ही नवीनच फाइल आहे. "तुम्ही बदललं म्हणता, पण आमच्याकडे जुनंच दिसतंय," हा फोन ज्यांना रोज येतो त्यांना या फाइलीची किंमत कळेल. कॅशे साफ करा, कंट्रोल धरून एफ५ दाबा, असं गिऱ्हाईकाला फोनवर शिकवत बसावं लागत नाही.

बिल्डमधल्या फाइलीत हातानं दुरुस्ती करू नका. पुढच्या बिल्डला ती पुसली जाते, आणि तोवर आपण ती केली होती हेही विसरलेलो असतो.

बाकीची अवजारं भराभर. बिल्डची जुनी अवजारं म्हणजे ग्रंट आणि गल्प: ग्रंट २०१२ चं, गल्प २०१३ चं. दोघांचीही जुन्या थीममध्ये गाठ पडेल, नव्यानं शिकायची गरज नाही. २०२० मध्ये व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचा कर्ता एव्हान यू यानं बिल्डचं एक वेगवान अवजार आणलं, त्याचं नाव फ्रेंचमधल्या "लवकर" या अर्थाच्या शब्दावरून, उच्चार "वीट". अवजारं बदलून बदलून येतो तो वीट वेगळा, पण नाव ऐकून मला हसू आलंच. सास २००६ पासून आहे. रंग एका जागी लिहून शंभर ठिकाणी वापरायची सोय तेव्हा सीएसएसमध्ये नव्हती, ती सासनं दिली. आता सीएसएसला स्वतःचे व्हेरिएबल आहेत, आणि नियमात नियम लिहायची सोयही २०२३ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं सास वाचता येण्यापुरतं शिकावं. लिहायला साधं सीएसएस पुरतं.

आणि चालू साइटवर थीम बदलत बसू नका. वर्डप्रेस आपल्या लॅपटॉपवर चालवा. त्यासाठी लोकल नावाचं सॉफ्टवेअर सोपं आहे. डब्ल्यूपी-एन्व्ही जास्त काटेकोर, पण त्याला बहुधा आधी डॉकर, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायचं अवजार, लागतं. नुसतं बघायचं असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड अख्खं वर्डप्रेस ब्राउझरच्या आतच चालवून दाखवतं, काही इन्स्टॉल न करता.

आणि मग हे काहीच लागत नाही

२०१५ च्या डिसेंबरात मलनवेग यांनी वर्डप्रेसवाल्यांना घरचा अभ्यास दिला होता: जावास्क्रिप्ट शिका, खोलात जाऊन शिका. २०१८ च्या डिसेंबरात ५.० ही आवृत्ती आली, तीत लेख ब्लॉकनी, म्हणजे परिच्छेद, चित्र अशा तुकड्यांनी, लिहायचा ब्लॉक एडिटर होता, रिअ‍ॅक्टवर बांधलेला. पीएचपीवर पोट असणाऱ्या आमच्यासारख्यांची झोप उडाली. मी रिअ‍ॅक्टचे दोन कोर्स अर्धे अर्धे केले.

गंमत पुढं झाली. जुलै २०२१ च्या ५.८ मध्ये थीमचे रंग, अक्षरं, अंतरं एका जागी लिहायची थीम.जेसन ही फाइल आली, आणि जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये अख्खी साइट ब्लॉकनी मांडायची सोय आली. ट्वेन्टी ट्वेन्टी-टू ही वर्डप्रेसबरोबरच आलेली तशी पहिली थीम. अशी ब्लॉक थीम करायला जावास्क्रिप्टची एक ओळ लिहावी लागत नाही. स्टाइल.सीएसएसच्या डोक्यावर थीमचं नाव, टेम्प्लेट्स फोल्डरात इंडेक्स.एचटीएमएल, आणि जोडीला थीम.जेसन. नोड नाही, बिल्ड नाही. दुकानात फक्त एक टेबल. स्वतःचे वेगळे ब्लॉक बनवायचे झाले की मग एनपीएमची पायरी चढायची.

थीम.जेसनमध्ये रंगांच्या यादीत एक रंग लिहा: नाव हळद, स्लग (कोडमध्ये वापरायचं नाव) रोमनमध्ये हळद, आणि रंगाचा कोड. सेव्ह करा. एडिटरमध्ये मजकुराचा रंग निवडायला गेलात की हळदीचा ठिपका हजर असतो, आणि साइटच्या सीएसएसमध्ये त्याच नावाचा व्हेरिएबल आपोआप तयार झालेला असतो. पूर्वी या एवढ्याशा गोष्टीसाठी फंक्शन्स.पीएचपीमध्ये एकीकडे आणि सीएसएसमध्ये दुसरीकडे लिहावं लागायचं.

जेसनचा स्वभाव मात्र खडूस. यादीतल्या शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला की पूर्ण फाइल बाद. त्यात टिपणंही लिहिता येत नाहीत. म्हणून फाइलीच्या सुरुवातीलाच स्कीमाचा, म्हणजे फाइलीत काय काय चालतं त्या नियमावलीचा, पत्ता टाकावा. मग व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर चूक झाली की नागमोडी रेघ ओढतो आणि पुढचे पर्यायही सुचवतो.

ती मुलगी आता अशीच एक ब्लॉक थीम करते आहे, आपल्या गावच्या शाळेच्या साइटसाठी. मथळा दोन ओळींत गेला की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांवर आदळत होते. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या थीममध्ये मथळ्याच्या ओळींची उंची बऱ्याचदा १.१ किंवा १.२ असते. रोमन अक्षरांना ती पुरते, आपल्या अक्षरांना वर-खाली सामान फार. अक्षरांत मोकळं अंतर दिलेलं असेल तर शिरोरेषाही तुटते. तिनं थीम.जेसनमध्ये उंची १.४ केली. काही बदललं नाही. १.८ केली. तरी नाही. तासभर ती फाइलीशी भांडत होती.

"काल साइट एडिटरमध्ये काही केलंस?" मी विचारलं.

केलं होतं. मथळ्याची उंची तिथं हातानं बदलून सेव्ह केली होती, आणि साइट एडिटरमधला बदल फाइलीत जात नाही, डेटाबेसात जातो. दोघांत मतभेद झाला तर डेटाबेस जिंकतो. नव्या पद्धतीत शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ यात जातो, आणि टेम्प्लेटच्या फाइलींनाही हाच नियम आहे. स्टाइल्सच्या पॅनलमधून बदल मूळ पदावर आणले की फाइलीचं म्हणणं ऐकलं जातं. उलटं हवं असेल, म्हणजे एडिटरमधले बदल फाइलीत उतरवायचे असतील, तर क्रिएट ब्लॉक थीम हे प्लगइन ते काम करतं.

वेलांट्या सुटल्या. मग तिच्या लक्षात आलं की शाळेच्या नावातला श हिंदी पुस्तकातल्यासारखा दिसतोय. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत देठाचा श आणि पाकळीचा ल आहे. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, आणि पानाची भाषा मराठी अशी खूण असेल तरच ब्राउझर मराठी रूप काढतो. टिरो देवनागरीसारख्या फॉन्टची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. तिच्या साइटची भाषा इंग्रजीच राहिली होती. सेटिंग्जमध्ये जाऊन तिनं ती मराठी केली, पान ताजं केलं, आणि श ला देठ आला.

संध्याकाळी तिनं झिप केली तेव्हा मी मागं उभा होतो. दोन ब्लॉक तिनं स्वतःचे बनवलेत, त्यामुळे एनपीएम आलंच होतं. नोड मॉड्यूल्स आत गेलं नव्हतं, बिल्ड गेलं होतं. एसआरसीही गेलं होतं, पण त्यानं काही बिघडत नाही.